अप्पांच्या हातचा मेंदू

भिण्यासारखं या जगात जेवढं काही आहे, त्या सगळ्याला एकटा माणूस पुरा पडू शकतो, हे मला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या नक्षीवाल्या अप्पांना पाहून कळलं. पाल, वीज, तार घेऊन येणारा शिपाई, टांग्याचा घोडा आणि टांगा नसलेला घोडा, या सगळ्यांना ते भीत. गिरणीचा भोंगा वाजला की ते दचकत, आणि वेळेवर वाजला नाही तर त्याहून जास्त दचकत. "आज अजून बोंबलला न्हाय. काय तरी झालंय की," असं म्हणत ते दारात उभे राहत, आणि भोंगा झाला की "अय्यो शिवा!" म्हणून आत पळत. सायकल मागून येत असली तर भिंतीला पाठ लावून उभे राहत, समोरून येत असली तर तोंड भिंतीकडे करत. त्यांची दाढी करायला दोन माणसं लागत. एक न्हावी, आणि दुसऱ्या त्यांच्या बायको शांतक्का. शांतक्कांचं काम एवढंच, की उंबऱ्यात उभं राहून वस्तरा गळ्याजवळ आला की म्हणायचं, "काय होत न्हाय. काय होत न्हाय." एकदा दूध उतू गेलं म्हणून त्या आत वळल्या, तेव्हा अप्पा अर्ध्या दाढीनिशी चुलीपाशी जाऊन बसले. उरलेली अर्धी न्हाव्याला स्वयंपाकघरात करावी लागली.

हाच माणूस चौकटीच्या कागदासमोर बसला की वाघ व्हायचा. लुगड्यांच्या काठापदरांची नक्षी काढून देणं हा त्यांचा धंदा. आमच्या वडिलांचे सहा माग होते आणि त्यांच्या सगळ्या नक्ष्या अप्पांच्या हातच्या. या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे काठाचं कापड मागावर पालथं विणत. सुलट बाजू खाली, उलट बाजू विणकराच्या डोळ्यांसमोर. सुलट कशी उतरते आहे ते पाहायचं तर मागाखाली आरसा धरायचा. त्यामुळे नक्षीवाला सगळं उलटं काढतो. लुगड्यावर मोर उजवीकडे बघायचा असेल तर कागदावर तो डावीकडे बघतो. शेजारच्या आळीतला एक नक्षीवाला एकदा हे विसरला, आणि एका नवरीच्या लुगड्यावरचे सगळे मोर तिच्याकडे पाठ करून बसले. सासूनं लुगडं परत धाडलं. अप्पा ही हकिगत भुताची गोष्ट सांगावी तशी आवाज उतरवून सांगत, आणि शेवटी म्हणत, "डावं-उजवं चुकलं की नक्षीवाला मेला. जित्ता असला तरी मेला."

मी तेव्हा पुण्याच्या एका वैद्यकीय शाळेत होतो. ही तिसाव्या सालाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. शरीरशास्त्राची परीक्षा तोंडावर आली होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी येताना वरच्या वर्गातल्या एका मित्राचं विलायती पुस्तक आणलं होतं. पुस्तक कसलं, मेंदूच्या रंगीत चित्रांचा पाटाएवढा ठोकळाच होता तो. वरून मेंदू, खालून मेंदू, बाजूनं मेंदू, उभा चिरलेला, आडवा चिरलेला, शिरा तांबड्या आणि निळ्या. शाळा उघडेल त्या दिवशी परत द्यायचं, या बोलीवर मिळालेलं. मी ते ओसरीवर उघडून बसलो होतो आणि अप्पा वडिलांकडे काठाचा नमुना घेऊन आले. आईनं मला खूण केली, मिटव, हे आता घेरी येऊन पडतील. तोवर अप्पा पुस्तकावर वाकले होते.

"हे काय रं बाळू? कुठल्या गावचा पदर?"

"पदर नाही अप्पा, मेंदू आहे. माणसाचा."

ते एक पाऊल मागं सरकले. "कुणाचा?"

"कुणाचाच नाही. सगळ्यांचा. चित्र आहे."

"कुणाचाच न्हाय? मग भ्यायचं कारण न्हाय," असं म्हणून ते मांडी घालून बसले, आणि सहा आठवडे त्या पुस्तकासमोरून उठले नाहीत.

नक्कल करून देतो, असं तेच म्हणाले. पुस्तक परत गेलं तरी माझ्याजवळ काहीतरी राहावं म्हणून. रोज दुपारी जेवण झालं की आमच्या ओसरीवर चौकटीचा कागद पसरायचा, पुस्तकावर दोऱ्याच्या चौकटी पाडायच्या आणि एकेक घर मोजत मेंदूची एकेक वळी कागदावर उतरवायची. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. लांबलचक लॅटिन नावंसुद्धा त्यांनी वेलबुट्टी काढावी तशी घरं मोजून काढली, आणि एकाही नावात चूक नव्हती. मात्र ती नावं उच्चारायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. "न जाणो, शिवी असंल." म्हणून त्यांनी आपली नावं पाडली. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जो जाड पट्टा असतो तो त्यांचा बाणा, म्हणजे आडवा धागा. मागचा छोटा मेंदू उभा चिरला की आत झाड दिसतं, ते शेवरी. शांतक्का जाता-येता टोमणे मारत. "घरातलं मीठ संपलंय त्ये टकुऱ्यात ऱ्हात न्हाय, अन् सायबाचं टकुरं काढत बसलेत." अप्पा मान वर न करता म्हणत, "मीठ कुटं ऱ्हातंय त्येच शोधतोय की मी." संध्याकाळी ते कागदावर हात ठेवत आणि माझी परीक्षा घेत. "बाण्याच्या खाली काय? शेवरीच्या पुढं काय?" खरं सांगायचं तर मेंदू मी मास्तरांकडून नाही, अप्पांकडून शिकलो.

एक दिवस मी त्यांना सांगितलं, की डाव्या बाजूचा मेंदू उजवा हात चालवतो आणि उजव्या बाजूचा डावा. धागे खाली उतरताना एकमेकांना ओलांडून जातात. अप्पांच्या हातातली पेन्सिल थांबली. आपल्या दोन्ही हातांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भ्याले. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे देवानंबी पालथंच इणलंय की!"

त्या दिवसापासून त्यांनी फारच जपायला सुरुवात केली. हाताला उलटं काढायची सवय, आणि ही नक्कल तर सुलट हवी. म्हणून प्रत्येक कागदाच्या डाव्या अंगाला ते आधी हळदीचं बोट लावत, मग पुस्तकाच्या डाव्या अंगाशी ताडून बघत, मग शांतक्कांना हाक मारून विचारत, "माझा जेवायचा हात कुठला? हाच न्हवं?" तीनदा ताडल्याशिवाय कागद माझ्या हाती देत नसत. असे एकवीस कागद त्यांनी केले. मी ते गुंडाळून पुण्याला नेले. जाताना त्यांनी माझ्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाले, "आता तू भिऊ नको."

मला भीती वाटते हे त्यांना कुठून कळलं, कोण जाणे. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बरोबरीची मुलं ज्या दालनात मृतदेहांवर शिकत, तिथं मी जेमतेम चार वेळा गेलो होतो. तिथला वास दारातच नाकात बसायचा आणि मग जेवताना, अंघोळ करताना, तो येतच राहायचा. मी सगळ्यांच्या मागं उभा राहायचो, पुढच्याच्या मानेकडे बघत. कधी पोट दुखायचं, कधी ताप यायचा. वडिलांच्या सहा मागांवर, अख्ख्या पेठेच्या डोळ्यांदेखत मी डॉक्टर व्हायला निघालो होतो, आणि मला मेलेल्या माणसाची भीती वाटत होती. म्हणूनच मला ते पुस्तक हवं होतं. चित्राला वास नसतो. मला वाटलं, सगळं चित्रावरून पाठ झालं तर खऱ्याकडे बघायची वेळच येणार नाही.

तोंडी परीक्षेला एक उंच, थकलेले परीक्षक होते. टेबलावर पांढरी चिनी मातीची थाळी, तिच्यावर ओलं फडकं. त्यांनी फडकं उचललं. मला तांबड्या-निळ्या रेघांची सवय होती, आणि थाळीत जे होतं ते मळकट, राखाडी, ओलं आणि लहान होतं. इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात एकच आलं, हा कुणाचा तरी आहे. यात कुणाच्या तरी आईचं नाव होतं, घरी जायचा रस्ता होता. परीक्षकांनी काही अवघड विचारलं नाही. मी गळाठलोय हे पाहून त्यांनी सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला असावा. "याची डावी बाजू कोणती? बोट ठेवून दाखव." मला दिसत होतं. अप्पांचा हळद लावलेला कागद डोळ्यांसमोर लख्ख उभा होता. फक्त बोट ठेवायचं होतं. मी बोट पुढं केलं, आणि वळून दाराबाहेर पळालो. जिन्यात वांती झाली. पुन्हा आत गेलो नाही.

निकाल घेऊन घरी आलो तो दिवस मी पन्नास वर्षं रोज काढून टाकतोय आणि तो जात नाही. अप्पा आधीच येऊन बसले होते, पास झाल्याची बातमी ऐकायला, धोतराच्या सोग्यात खडीसाखर बांधून. मी नापास झाल्याचं सांगितलं. वडिलांनी विचारलं, "कशात?" मी म्हटलं, मेंदूत. "सहा आठवडे ओसरीवर दुसरं काय करत होतास? कसा नापास झालास?" आई दारात उभी होती. मागावरची माणसं हात थांबवून ऐकत होती. पळालो हे शब्द माझ्या तोंडाशी आले आणि तिथंच वळले. मी म्हणालो, "डाव्याचं उजवं झालं. नक्कलच उलटी होती."

घरातल्या एकानंही शंका घेतली नाही. विणकरांच्या घरात याहून खरं वाटेल असं खोटं सापडलं नसतं. नक्षीवाल्यानं सवयीनं उलटं काढलं, झालं. ताडून बघायला पुस्तक नव्हतं, ते पुण्याला परत गेलं होतं. कागद माझ्या पेटीत होते आणि ते मी पुण्यातच राहिले म्हणून सांगितलं. वडील अप्पांकडे वळले. "अप्पा, पोराचं वर्ष घालवलंत तुम्ही." अप्पा वडिलांशी भांडले असते तर मला बरं झालं असतं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग डाव्याकडे. मग पुन्हा उजव्याकडे. "हळद लावली हुती की," एवढंच ते हळूच म्हणाले, आणि उठले. सोगा सुटून खडीसाखर ओसरीवर सांडली. ती वेचायलाही ते थांबले नाहीत.

त्यानंतर अप्पांना जी भीती बसली ती आधीच्या सगळ्या भीतींना गिळून बसली. पालीसमोरून ते आता सरळ निघून जात. भोंगा वाजला तरी त्यांना ऐकू येत नसे. त्यांना भीती वाटे ती आपल्याच डोक्याची. आत कुठेतरी एक धागा उलटा बसलाय आणि तो आपल्याला कळत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. डाव्या मनगटाला त्यांनी काळा दोरा बांधला. तो खरंच डाव्याला बांधलाय ना, हे विचारायला दिवसातून चारदा शांतक्कांपुढं हात धरत. चप्पल घालायला त्यांना इतका वेळ लागे, की शांतक्का म्हणत, "दोन्ही काखंत मारा अन् चला." बाजारात पोरं ओरडत, "अप्पा, मोर कुणीकडं बघतोय?" बातमी पेठभर झाली होती आणि वडिलांनी अप्पांना काम देणं थांबवलं ते पाहून आणखी दोन-तीन कारखानदारांनीही थांबवलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांनाही अप्पांनी मोर, पोपट, हत्ती काढून द्यायचं नाकारलं. ते फक्त रुईफूल काढत, चौकडा काढत, दोन्हीकडून सारखंच दिसणारं काहीतरी. एकदा एक म्हातारा विणकर त्यांच्या पाया पडायला आला, म्हणाला, "माज्या नातीच्या लग्नाचं लुगडं हाय, एक राघू काडा की अप्पा." अप्पांनी दुपारभर कागद समोर ठेवला, राघूची पाठ काढली, पोट काढलं, आणि चोचीपाशी आल्यावर पेन्सिल खाली ठेवली. चोच कुठल्या बाजूला, हे त्यांना ठरवता येईना. म्हाताऱ्याच्या नातीनं रुईफुलांचं लुगडं नेसूनच लग्न केलं.

मी पुढच्या वर्षी पास झालो. कसा, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या दालनात जाऊन उभा राहिलो, एवढंच. भीती गेली नाही, पण पाय जागच्या जागी राहायला शिकले. ते एकवीस कागद मी त्या वर्षी खऱ्या मेंदूशी ताडून पाहिले. एकही घर इकडचं तिकडं नव्हतं. मग सोलापुरात दवाखाना टाकला. अप्पांच्या घरावरून जायचं टाळता येत नसे, आणि दरवेळी मी ठरवायचो, आज सांगू. दारात अप्पा दिसायचे, "डाक्टर, या की!" म्हणायचे, आणि मी खोकला कसा आहे एवढंच विचारून पुढं निघायचो. सांगायचं म्हणजे वडिलांच्या कानावर जाणार, पेठेत होणार, माझ्या दवाखान्यात येणारी माणसं म्हणणार, हा मेंदू बघून पळालेला डॉक्टर. आठ-नऊ वर्षं मी अप्पांना ताप-खोकल्याची औषधं दिली, पण त्यांचा खरा आजार मीच होतो.

मग एक दिवस शांतक्का धावत आल्या. अप्पांचा उजवा हात पडला होता आणि तोंड थोडं वाकडं झालं होतं. मी जाऊन बघतो तो अप्पा भिंतीला टेकून बसलेले, जीभ जड, पण डोळ्यांत भीती नाही, उलट एक प्रकारची उत्सुकता.

"डाक्टर," ते एकेक शब्द लावत म्हणाले, "हात उजवा गेला. म्हंजे बिघाड डावीकडं. बरुबर का?"

"बरोबर, अप्पा."

"बाण्याच्या वर. बाजूला. जितं तांबडी शीर वर चढती तितं."

"बरोबर," मी म्हणालो.

"बाळू," ते म्हणाले. डॉक्टर झाल्यापासून त्यांनी मला या नावानं हाक मारली नव्हती. "मला तर समदं बरुबर ठावं हाय. मग तवा चुकलं कसं?"

शांतक्का माझ्याकडे बघत होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की चुकलं नव्हतं, मी पळालो होतो. याहून सोपी जागा देवानं मला दिली नसती. आणि मी म्हणालो, "अप्पा, नंतर कळलं. पुस्तकच चुकीचं छापलं होतं. विलायतेत ठसा उलटा बसला. तुमची नक्कल घरनघर बरोबर होती."

अप्पा आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. वाकड्या तोंडामुळे काय चाललंय ते कळेना. डाव्या हातानं त्यांनी मेलेला उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसं त्याला थोपटू लागले. "ऐकलंस का गं," ते शांतक्कांना म्हणाले, "ह्याची चूक न्हवती." मग एकाएकी गंभीर झाले. "पर डाक्टर, त्या पुस्तकवाल्याला कळवलं का? दुसऱ्या पोरांची वरसं जातील की. एक कार्ड टाका. रागानं लिवू नका. म्हणावं, आमच्याकडंबी असं हुतं."

"टाकतो," मी म्हणालो.

पेठेत मात्र मी पुस्तकाचं हे खोटंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी पुस्तक दाखव म्हणालं असतं. म्हणून आज, जेव्हा अप्पा नाहीत, शांतक्का नाहीत, वडील नाहीत आणि मला हसायला फारसं कुणी उरलेलं नाही, तेव्हा हे लिहून ठेवतो. पुस्तक बरोबर होतं. अप्पांनी केलेली नक्कल बरोबर होती, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे. ज्या घरांत त्यांच्याविषयी वेगळं बोललं गेलं, त्या घरांतल्या आताच्या माणसांना हे कळावं. नापास मी भीतीनं झालो, आणि त्यांच्यावर ढकललं तेही भीतीनंच.

अप्पा त्या झटक्यानंतर वर्षभर होते. मी दर आठवड्याला जायचो आणि मी चपला काढायच्या आत ते विचारायचे, "उत्तर आलं का?" मी म्हणायचो, लांबचा रस्ता आहे, वेळ लागतो. मग युरोपात लढाई सुरू झाली आणि मला एक चांगलं कारण मिळालं. मी सांगितलं, आता डाकेच्या बोटी बुडवतात म्हणे, उत्तर येईल असं वाटत नाही. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडावर ती जुनी, सगळ्या जगासाठीची भीती मी पाहिली.

"आपलं कार्ड बोटीत हाय व्हय अजून?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या, डाक्टर. परत मागवा. एवढ्याशापायी कुणाचं पोरगं बुडाय नको."

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं, कार्ड माघारी आलं का. मी म्हणालो, "आलं, अप्पा. सुखरूप आलं." त्यांनी डोळे मिटले आणि सुटकेचा एक लांब श्वास सोडला.